चिकटीची नोंद

काकूंनी पुठ्ठ्याचा खोका माझ्या टेबलावर ठेवला, हातरुमालाने कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "सापडली."

"काय सापडली?"

"चिकटी. दुसरं काय?"

मी हातातला ब्रश खाली ठेवला. दुसरं कुणी असतं तर टुणकन उडी मारली असती. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. संग्रहालयात मला सगळे 'शंकेखोर' म्हणतात, अगदी तोंडावर म्हणतात, आणि मला त्याचं काही वाटत नाही. आमचं वनस्पतींचं संग्रहालय. वाळवलेली झाडं जाड कागदावर चिकटवून आम्ही कपाटांत ठेवतो. त्या कागदाला आम्ही शीट म्हणतो, आणि प्रत्येक शीटवर एक लेबल असतं : हे झाड कुठं मिळालं, कधी मिळालं, कुणाला मिळालं. आता लेबलावर काय, वाटेल ते लिहिता येतं. लोक बागेतलं झाड आणतात आणि डोंगरावर मिळालं म्हणून बेधडक सांगतात. कुणीतरी संशय घ्यायला हवा की नको? तो मी घेते. त्याचाच पगार मिळतो मला.

चिकटीच्या बाबतीत तर संशयाला जागाही होती. वाळूवर पसरणारं वीतभर झाड, बारीक पांढरी फुलं, आणि पानांवर अशी चिकट लव की उडणारी वाळू अंगाला धरून बसते. इथून फार लांबच्या एका किनाऱ्यावर चिकटी पायाखाली येते इतकी आहे. आमच्या किनाऱ्यावर ती आजवर एकदाच, एकाच माणसाला मिळाली होती : काकूंच्या नवऱ्याला. ते तेव्हा इथंच नोकरीला होते, पुढे संग्रहालयाचे प्रमुख झाले, आणि मला हे काम त्यांनीच शिकवलं. आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणतो. त्या एका शीटमुळे सरांचं नाव झालं. मग कितीजणांनी तो किनारा पालथा घातला. सर स्वतः दर वर्षी फुलांच्या दिवसांत जाऊन यायचे. पण चिकटीचं पानसुद्धा पुन्हा कुणाच्या दृष्टीला पडलं नाही. लोक कुजबुजायला लागले, की यांनी दुसरीकडची चिकटी आणून इथली म्हणून खपवली. मी सरांची लाडकी विद्यार्थिनी, पण मी कधी कुणाला गप्प केलं नाही. मलाही तसंच वाटत होतं.

आता सर घरी बिछान्याला खिळलेले, आणि इकडे आमच्या किनाऱ्यावरच्या वनस्पतींचं पुस्तक नव्याने निघत होतं. नव्या प्रमुखांनी शेवटी एक प्रकरण घातलं होतं, 'खोट्या नोंदी'. त्यात एकच नोंद येणार होती, ती म्हणजे सरांची चिकटी, सरांच्या नावासकट. ही बातमी काही महिन्यांपूर्वी कुणीतरी काकूंच्या कानावर घातली, आणि पुस्तक छापायला जायच्या नेमक्या आदल्या दिवशी काकू खोका घेऊन हजर! आता मी संशय नको घेऊ तर काय टाळ्या वाजवू?

"कुठं मिळाली?" मी विचारलं.

"तिथंच. दीपगृहाच्या मागच्या वाळूत. त्यांना मिळाली होती तिथंच."

"तिकडे कशा गेलात तुम्ही? गुडघे दुखतात ना तुमचे?"

"गुडघे माझे आहेत. दुखले तरी चालतात." काकू खुर्चीत बसल्या. "तू आधी बघ तर खरी. नंतर कर माझी उलटतपासणी."

मी खोका उघडला. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं झाड, मुळासकट, फुलांसकट. पाहताक्षणी कळलं, पण पाहताक्षणी कळलेल्या गोष्टीवर आमच्याकडे कुणी विश्वास ठेवत नाही. इथला नियम असा, की महत्त्वाचं झाड आलं तर दोघांनी ते वेगवेगळं तपासायचं, एकमेकांशी अवाक्षर न बोलता नाव चिठ्ठीवर लिहायचं, आणि मग चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवायच्या. हा नियमही सरांनीच घातलेला.

एक फूल मी भिंगाखाली धरलं. पाकळ्या पाच, पण प्रत्येक अर्ध्यापर्यंत चिरलेली, त्यामुळे दहा वाटाव्यात अशा. इथल्या वाळूवर पांढऱ्या फुलांचं आणखी एक झाड सगळीकडे असतं, आणि लोक तेच आणून 'चिकटी चिकटी' करतात, पण त्याच्या पाकळ्या अखंड असतात. फुलाखालची हिरवी वाटी बोटाला चिकटली. पिकलेलं बोंड सुईने फोडलं. आतलं बी वाटाण्याला एका बाजूने दाबावं तसं, कडेला बारीक खरखरीत दाणे. शंकाच नको. मी चिठ्ठीवर लिहिलं, चिकटी. प्रमुखांनी फुला-बोंडांची एक डहाळी त्यांच्या खोलीत नेऊन तपासली आणि त्यांच्याही चिठ्ठीवर तेच. माणूस आमच्यापेक्षा तरुण, घाईचा, पण मनाचा कोता नाही. त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"म्हणजे सरांची नोंद खरी! उद्या पुस्तक छापायला जातंय, बरं झालं वेळेवर कळलं. ते प्रकरणच काढून टाकतो."

"संध्याकाळपर्यंत थांबा," मी म्हटलं.

"का?"

"उगाच. माझी खोड."

ते हसून गेले. त्यांनी फूल पाहिलं होतं, बी पाहिलं होतं. मी मूळ पाहिलं होतं, आणि ते बोलत होते तेवढा वेळ मी ते तळहाताखाली झाकलं होतं. का झाकलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

वाळूतल्या झाडाचं मूळ सरळ खाली जातं, पाण्याच्या शोधात जाईल तितकं खोल. या झाडाचं मूळ खाली जाऊन वळलं होतं, गोल, पुन्हा गोल, चुंबळीसारखं. असं मूळ एकाच ठिकाणी होतं. कुंडीत. आणि पानांवरची वाळू? वारा वाळू उडवतो ती खालच्या पानांवर आणि वाऱ्याच्या बाजूला बसते. इथं ती वर, खाली, सगळीकडे सारखी, पिठात घोळवल्यासारखी.

काकू माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

"चला काकू," मी म्हटलं, "मला जागा दाखवा."

"आत्ता?"

"आत्ताच. नोंद करायची तर जागा बघायला नको?"

"बघायलाच हवी," काकू म्हणाल्या, पण उठायला त्यांनी फार वेळ लावला.

दीपगृहापर्यंत बस जाते. बसमध्ये काकू खिडकीशी बसल्या आणि वाटभर ताकास तूर लागू दिली नाही. मी आडून आडून विचारलं. कोणत्या दिवशी गेलात, बरोबर कोण होतं, सरांना सांगितलंत का. शेवटच्या प्रश्नाला तेवढं उत्तर मिळालं, "नाही. आधी तुमच्याकडून पक्कं होऊ दे. नाहीतर उगाच आशा लावायची." एवढं बोलताना त्यांचा आवाज कापला. मला वाईट वाटलं, पण संशय काही हलला नाही. खोटं बोलणाऱ्यांचेही आवाज कापतात.

वाळूत खड्डा होता तसाच. मी गुडघ्यांवर बसले आणि बोटांनी कडा उकरल्या. कोरडी पिवळी वाळू, आणि खाली मऊ, काळी, चिमूटभर माती. दुकानात पिशवीतून मिळते ती. मी ती तळहातावर घेऊन काकूंपुढे धरली. काही बोलले नाही. आजूबाजूला वारा, आणि त्या दुसऱ्या, नेहमीच्या पांढऱ्या फुलांचे ताटवे.

काकू खाली बसल्या, गुडघ्यांची पर्वा न करता, मटकन.

"माझ्या बहिणीने बी पाठवलं," त्या म्हणाल्या. "गच्चीवर कुंडीत वाढवली. परवा पहाटे येऊन लावली. वाळूही मीच चोळली पानांना."

"सरांना यातलं काही ठाऊक नाही?"

"त्यांना कळलं तर ते माझं तोंड बघणार नाहीत." त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "आता एक ऐक. विश्वास ठेव नाहीतर ठेवू नकोस. पहिलीसुद्धा मीच लावली होती."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चुकलं.

"तुझ्या सरांनी कुणाला फसवलं नाही. त्यांना ती इथंच मिळाली, अगदी लेबलावर लिहिलंय तशी. पण ती इथं आली माझ्यामुळे. लग्न होऊन आले तेव्हा माहेरून बी आणलं होतं, कागदाच्या पुडीत. आमच्याकडे ती दारात उगवते, माहीत आहे ना तुला? स्वयंपाकघराच्या खिडकीत बिस्किटांच्या डब्यात लावली. चौकोनी पत्र्याचा डबा होता. उगवली, पण सुकायला लागली, म्हणून गुपचूप इथं आणून लावली. फुलली बिचारी. आणि एके दिवशी हे आले घरी नाचत. हातात माझं झाड, मुळासकट उपटलेलं. 'सापडली, सापडली!' मी काय सांगणार? तो माणूस इतका खूश मी आधी कधी पाहिला नव्हता. मग त्यांचं नाव झालं, आणि मग तर सांगायची सोयच राहिली नाही. दर वर्षी ते इथं शोधायला यायचे. मी त्यांना चहाचा थर्मास भरून द्यायचे. नाही मिळणार, नाही मिळणार, असं मनात म्हणत झाकण लावायचे."

काकू रडल्या नाहीत. डोळे कोरडे ठणठणीत होते, आणि तेच मला खटकलं. मी लगेच हिशेब मांडला. ही गोष्ट किती सोयीची आहे! नवीन झाडाचं बिंग फुटलं, आता जुन्याचं खापर स्वतःच्या डोक्यावर घ्यायचं, म्हणजे नवरा सुटला. फसवणारा नाही, फसलेला. जी बाई नवऱ्यासाठी पहाटे उठून पानांना वाळू चोळते, ती त्याच्यासाठी एवढी एक कहाणी रचणार नाही?

"काकू, हे खरं कशावरून?"

त्यांनी मान वर केली. राग आलेला दिसला, पण त्यांनी तो गिळला.

"कशावरून म्हणजे? मी सांगते म्हणून."

"तेवढं पुरत नाही."

"तुला कधीच पुरत नाही. ते म्हणायचे तसंच आहे, या मुलीला देव भेटला तरी ही ओळखपत्र मागेल." मग जरा थांबून म्हणाल्या, "तो डबा चौकोनी होता. मला आठवतंय, मूळही चौकोनी झालं होतं. चारी कोपऱ्यांत अडकून वळलेलं. वाळूत लावताना मी सोडवायला गेले आणि तुटेल म्हणून तसंच ठेवलं. जा, बघ तुझ्या त्या कपाटात."

हे मात्र बघता येण्यासारखं होतं. जुनी शीट आमच्याकडेच होती. सरांनी झाड मुळासकट आणलं होतं. मुळाला कोपरे असतील तर काकू खरं बोलतात, सरळ असेल तर ही कहाणी रचलेली, आणि सरांवरचा माझा संशय तसाच.

आणि बसमधून परतताना माझ्या डोक्यात दुसरंच वळवळायला लागलं. मुळाला कोपरे असतील, तर सरांना ते दिसले नाहीत?

संग्रहालयात शिरलो तेव्हा उन्हं कलली होती. मी कपाट उघडून शीट काढली आणि खिडकीपाशी नेली. चिकटी पिवळी पडली होती, फुलं चुरगळलेल्या पातळ कागदासारखी झाली होती. लेबल सरांच्या वळणदार अक्षरात. लेबल नेहमी शीटच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात असतं. या एका शीटवर ते मधोमध, नेमकं मुळावर चिकटवलेलं होतं. ही शीट मी पूर्वीही कितीदा पाहिली होती, आम्ही सगळ्यांनीच पाहिली होती. सगळ्यांना वाटायचं, नवशिकेपणीचं काम, लेबल वाकडं गेलं असेल. मीसुद्धा एवढी शंकेखोर, आणि इथं माझ्या शंकेने कशी काय डुलकी काढली कोण जाणे.

"हे लेबल कुणी चिकटवलं?" काकूंनी विचारलं. त्या माझ्या खांद्यावरून बघत होत्या.

"सरांनीच. ही शीट ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत."

मी पाण्यात ब्रश बुडवून लेबलाच्या कडा भिजवल्या. जुनी खळ हळूहळू सुटते, घाई केली की कागद सोलतो. मी पुन्हा पुन्हा ओला ब्रश फिरवत राहिले. मग मी चिमट्याने लेबलाचा एक कोपरा उचलला, आणि ते अख्खं सुटून आलं.

मूळ चौकोनात वळलेलं होतं. एक बाजू, कोपरा, दुसरी बाजू, कोपरा. डब्याचं माप घेता आलं असतं.

"बघ," काकू म्हणाल्या. "बघ, मी सांगत होते." आणि मग त्यांचा आवाज मधेच थांबला. माझ्या हातातल्या लेबलाकडे त्यांनी पाहिलं, मुळाकडे पाहिलं. "म्हणजे... त्यांनी हे झाकलं?"

मी लेबल शीटच्या कडेला ठेवलं.

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं." त्या खुर्चीचा हात धरून उभ्या राहिल्या. "पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आणि मी मूर्खासारखी थर्मास भरत होते!"

इतकी वर्षं मी सरांवर जो संशय घेतला तो खरा ठरला होता. त्यांना माहीत होतं, तरी त्यांनी नोंद केली. मला आनंद व्हायला हवा होता निदान थोडासा, बरोबर ठरल्याचा. तो काही झाला नाही. प्रमुखांना मी दारातूनच सांगितलं, "उद्या सकाळी बोलते, छापायला देऊ नका." ते काही विचारणार तेवढ्यात काकू मला ओढतच बाहेर घेऊन गेल्या. शीट माझ्या हातात होती. शीट इमारतीबाहेर न्यायला सक्त मनाई आहे. काकूंनी टेबलावरून जाता जाता खोकाही उचलला होता.

घरी सर उशांना टेकून बसले होते. शरीर पार खंगलं होतं, नजर मात्र जशीच्या तशी. मी शीट त्यांच्या पांघरुणावर ठेवली, शेजारी सुटलेलं लेबल. त्यांनी शीट उचलून डोळ्यांजवळ धरली.

"लेबल कुणी काढलं?"

"मी."

"खळ नीट भिजवलीस ना? खालचा कागद फाटला नाही ना?"

"खळीचं राहू द्या!" काकू कडाडल्या. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"तो डबा मी रोज बघत होतो," सर म्हणाले.

"स्वयंपाकघरात पाणी प्यायलाही येत नव्हतात तुम्ही."

"रस्त्यावरून दिसायचा. कामावरून येताना मी वर बघायचो." त्यांना खोकला आला. तो थांबेपर्यंत काकू जागच्या हलल्या नाहीत. "पानांवरूनच ओळखली होती. म्हटलं, तू होऊन सांगशील. तू काही सांगेनास. आणि एक दिवस डबा रिकामा, आणि झाड माझ्या फिरायच्या वाटेवर, फुललेलं! लग्नाला काही महिने झालेले, तू दिवसभर घुम्यासारखी असायचीस. मला वाटलं, हिने गंमत केली. मला सापडावं म्हणून लावलं. आयुष्यात कुणी माझ्यासाठी असलं काही केलं नव्हतं. मी ती उपटली आणि हसत घरी आलो. म्हटलं, आता ही पण हसेल. तर तू ढसाढसा रडलीस. मला वाटलं, आनंदाने."

काकूंनी तोंडावर हात ठेवला.

"मग नोंद का केलीत?" मी विचारलं. माझा आवाज मलाच कठोर वाटला.

"नोंद कुठली! हिला दाखवायला शीट केली, त्यावर खोटंखोटं लेबल लिहिलं. टेबलावर वाळत होती, तेवढ्यात तेव्हाचे प्रमुख आले, त्यांनी पाहिली, आणि संध्याकाळपर्यंत सगळीकडे बोभाटा. दुसऱ्या दिवशी खरं सांगायचं म्हणूनच निघालो होतो. ही दारात म्हणाली, 'मोठं नाव होणार ना आता तुमचं?' मग माझी जीभ रेटेना. सांगितलं असतं तर हिच्या त्या झाड लावण्याचं सगळ्या गावाने हसं केलं असतं. लेबल सोडवलं आणि मुळावर डकवलं."

"आणि दर वर्षी शोधत काय होतात?" काकू विचारत होत्या, पण आता आवाज खाली आला होता.

"खरी चिकटी. एखादी जरी आपणहून उगवलेली मिळाली असती, तर तुझीही खरी ठरली असती."

मी खिडकीबाहेर बघू लागले. मला एकच वाटत होतं : काकूंनी आता गप्प राहावं. या माणसाने ज्या भेटीसाठी स्वतःचं नाव पणाला लावलं, ती त्याला तशीच घेऊन जाऊ द्यावी. एवढं एक खोटं चालून जाईल. मी, शंकेखोर, मनातल्या मनात त्यांना खोटं बोलायला विनवत होते.

"तुमच्यासाठी नव्हती लावली," काकू म्हणाल्या.

सरांना कळलं नाही. "काय?"

"मला घरची आठवण यायची. इथं माझं म्हणून काही नव्हतं, तेवढं एक झाड होतं. ते डब्यात मरायला टेकलं म्हणून वाळूत नेऊन लावलं. तुम्ही त्या वाटेने फिरायला जाता हे मला ठाऊकसुद्धा नव्हतं."

"माझ्यासाठी नव्हती?"

"नाही हो."

"मग तू रडलीस ती..."

"तुम्ही ती उपटून आणलीत म्हणून."

सर डोळे मिटून पडून राहिले. मला वाटलं, त्यांना बरं वाटेनासं झालंय, आणि मी पुढे झाले. तेवढ्यात त्यांनी हात लांब केला. "पेन दे." मी दिलं. लेबलाच्या रिकाम्या जागी त्यांनी लिहिलं, अक्षर थरथरत होतं, तरी मला वाचता आलं : लागवडीतलं झाड. लावणारी, माझी पत्नी. ही नोंद मी मागे घेत आहे. खाली सही.

"तुझ्या प्रमुखाला सांग, 'खोट्या नोंदी'त घाल. खोटीच आहे."

"ज्याची त्याने मागे घेतलेली नोंद खोट्यांत जात नाही," मी म्हटलं. "ती वेगळी छापतात, मागे घेणाऱ्याच्या शब्दांत. ते मी बघते." तसा नियम नव्हता. आता तो होणार होता, त्यासाठी मी प्रमुखांच्या डोक्यावर बसणार होते.

काकूंनी खोका उघडला. वर्तमानपत्र सोडवून त्यांनी झाड बाहेर काढलं. पानं मलूल झाली होती, फुलं मात्र उघडी होती.

"ही तुमच्यासाठी लावली," त्या म्हणाल्या.

सरांनी ती दोन्ही हातांत घेतली. भिंग शेजारीच पडलं होतं, त्याला त्यांनी हात लावला नाही. काकू पलंगाच्या कडेला टेकल्या.

"तिकडे दारात उगवते म्हणालीस?" सरांनी विचारलं.

"अगदी पायरीशी."

"कशी होती ती पायरी?"

मी शीट काखोटीला मारली आणि दाराकडे वळले. मागे काकू सांगायला लागल्या होत्या. पायरी दगडाची होती, एका बाजूला खचलेली, आणि आई रोज सकाळी तिच्यावरची वाळू झाडायची, पण चिकटीला झाडू लागू द्यायची नाही.